बऱ्यापैकी सुरक्षित

आमच्या गल्लीत पेन ड्राइव्ह साखरेच्या वाटीसारखा फिरतो. एका घरातून निघतो, चार घरी रिकामा होतो, पाचव्या घरी भरतो आणि परत येतो तेव्हा त्यात आपलं काय नि लोकांचं काय, हे देवालाही सांगता यायचं नाही. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून मी होटगीतल्या निम्म्या घरांचा बिनपगारी कारकून आहे. कुणाला सातबारा काढून हवा, कुणाला नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून हवा, कुणाला लग्नपत्रिका छापून हवी. सगळ्यांचे पेन ड्राइव्ह माझ्या दारात.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पत्रिकेनं माझा जुना लॅपटॉप नेला. वर गणपती दिसला, खाली वधूवरांची नावं दिसली, आणि तासाभरात माझ्या सगळ्या फायलींची नावं मलाच वाचता येईनाशी झाली. लग्न मात्र ठरल्या मुहूर्तावर लागलं. मी जेवूनही आलो.

पुण्याला असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, रडत बसू नका. नवा लॅपटॉप घ्या आणि त्यावर क्यूब्स टाका."

क्यूब्स म्हणजे एक ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यामागची बाई पोलंडची, योआन्ना रुत्कोव्स्का. चालू संगणक त्याच्या नकळत दुसऱ्याच्या ताब्यात कसा देता येतो, हे या बाईंनी 2006 साली भर सभेत करून दाखवलं होतं. पुढे त्यांनीच 2010 मध्ये क्यूब्स जाहीर केली आणि 2012 मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. घरफोडीच्या सगळ्या वाटा ठाऊक असलेल्या माणसाकडूनच घर बांधून घ्यावं, असा तो प्रकार. मला आवडलं ते तिचं ब्रीद. जगातली प्रत्येक वस्तू शंभर टक्के खात्रीची असते, निदान जाहिरातीत. ही सिस्टीम स्वतःबद्दल म्हणते, 'बऱ्यापैकी सुरक्षित.' हे वाचलं आणि वाटलं, ही बाई होटगीत खपली असती. आमच्याकडे माणूस दवाखान्यातून सलाईन लावून आला तरी "कसं काय?" म्हटल्यावर "बरंय की" एवढंच म्हणतो.

भाच्यानं फोनवर कल्पना समजावली. नेहमीचा संगणक म्हणजे एकखणी घर. चोर कुठूनही शिरला तरी त्याला डबे, दागिने, देव सगळं एकदम सापडतं. क्यूब्स घर बांधतानाच धरून चालते की चोर कधीतरी शिरणारच. म्हणून ती एका लॅपटॉपच्या पोटात अनेक लॅपटॉप करते. बँकेचा वेगळा, घरचा वेगळा, परक्या फायलींचा वेगळा. एक तिजोरीची खोली, जिला इंटरनेटची खिडकीच नाही. वायफायचं कार्डसुद्धा आत घ्यायचं नाही, त्याला ओसरीवर स्वतंत्र खोली. आणि सगळ्यात गमतीची म्हणजे एकदाच वापरायची खोली. संशयाची फाइल त्यात उघडायची, बघायची, खोली बंद केली की ती नाहीशी होते.

"म्हणजे पत्रावळ," मी म्हणालो.

"मामा, तुम्हाला जमेल हे," भाचा म्हणाला.

माझ्या आजीला तर हे शिकवायचीही गरज नव्हती. फरक इतकाच, की तिच्या सोवळ्यात माणसं बाहेर राहायची. इथे फायली राहतात, त्यामुळे मला त्यात पाप वाटलं नाही.

लॅपटॉप आला. सहा-सात जीबीची फाइल रात्रभर उतरवली. सकाळी कळलं की ती खरी आहे का, हे आधी तपासायचं. क्यूब्सवाल्यांचं म्हणणं, आमच्या साइटवरही विश्वास ठेवू नका. त्यांच्या मुख्य किल्लीचा चाळीस अक्षरांचा ठसा आहे, तो दोन-चार ठिकाणांहून मिळवा आणि ताडून बघा. इतकी वर्षं सरकारी कचेऱ्यांशी पत्रव्यवहार केला, पण 'आमच्यावर विश्वास ठेवू नका' असं स्वतःहून कुणी कळवलं नव्हतं.

भाचा पुण्याहून वाचू लागला, मी इकडे पडद्यावर बोट ठेवून बसलो.

"चार, दोन, सात, एफ."

"एफ फणसातला?"

"फणसातलाच. एक, एक, एफ, डी."

"डी डमरूतला."

समोरचे अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. "कुणाची लॉटरी लागायलीय का?" म्हणाले.

ठसा जुळला. पेन ड्राइव्ह तयार झाला, नवा कोरा, कुणाकडे न फिरलेला. लावला. लॅपटॉपनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भाचा म्हणाला, "सिक्युअर बूट बंद करा." हा लॅपटॉपच्या दारावरचा पहारेकरी. ज्याच्यावर ओळखीची सही नाही त्याला तो आत सोडत नाही, आणि क्यूब्सची त्याच्याशी ओळख नाही. म्हणजे सुरक्षित घर बांधायचं तर आधी गुरख्याला रजा द्यायची! मी दोनदा विचारून खात्री केली आणि मग एफ-दोन दाबून, आत शिरून, त्याला घरी पाठवलं.

मेनू दिसला. 'इन्स्टॉल' निवडलं. चार ओळी धावल्या आणि पडदा काळा झाला. पाच मिनिटं थांबलो. चहा घेऊन आलो. काळाच. आतून प्रश्न आला, "अहो, बिघडला का हाही?" मी म्हणालो, "चालू आहे." खोटं नव्हतं, पंखा फिरत होता.

भाच्याचं निदान असं की लॅपटॉप फार नवा आहे. सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बांधला तेव्हा या लॅपटॉपची चित्रं काढणारी चिप बहुधा जन्मालाच आली नव्हती. दोघांची भाषा जुळत नाही. आणि तो सहज म्हणून गेला, "गेज जुळत नाही म्हणा ना."

होटगीच्या माणसाला हे सांगायची गोष्ट नव्हे. सोलापूरहून पंधराएक किलोमीटरवर असलेलं हे गाव नकाशावर आलं तेच गेज न जुळल्यामुळे. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वेची मोठी लाईन सोलापूरमार्गे जात 1871 मध्ये रायचूरला मद्रासच्या लाईनीला भिडली. तिचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटर. त्याच सुमाराला लॉर्ड मेयोच्या सरकारनं काटकसर म्हणून देशात मीटरगेज आणलं, 1000 मिलिमीटरचं. पुढे 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं गदगहून बागलकोट, विजापूर करत जी लाईन होटगीला आणली ती मीटरगेजची. दोन्ही रूळ एकाच गावात, आणि मध्ये 676 मिलिमीटरचं अंतर. म्हणायला दीड हातसुद्धा नाही, पण इकडची मालाची वाघीण तिकडे जाऊ शकत नाही म्हणजे नाही.

माझे वडील मालधक्क्यावर कारकून होते. विजापूरकडून आलेली वाघीण धक्क्याच्या एका अंगाला लागायची, मोठ्या लाईनीची दुसऱ्या अंगाला. मधून हमाल पोती नेत. जोंधळा, करडई, सरकी, शेंगा. वडील वही घेऊन मध्ये उभे. पोतं इकडून निघालं की एक रेघ, तिकडे पडलं की एक रेघ. लहानपणी मला वाटायचं की हा जगातला सगळ्यात मूर्ख उद्योग आहे. एकच रूळ टाकला असता तर एवढी माणसं दिवसभर घामाघूम कशाला झाली असती? या शतकाच्या पहिल्या दशकात खरोखरच सगळं मोठ्या लाईनीचं झालं. आता गाडी होटगीत येते आणि विजापूरकडे निघूनही जाते. कुणाला उतरावं लागत नाही, कुणी रेघ ओढत नाही.

तर काळ्या पडद्यावरचा उपाय मेनूतच होता. 'नव्या कर्नलसह इन्स्टॉल' अशी ओळ खाली असते, ती मी नको इतकी नवी म्हणून टाळली होती. ती घेतली आणि चित्र आलं. चित्रात इशारा आला की तुमच्या यंत्रात अमुक अमुक सोयी नाहीत. सोयी होत्या, फक्त बंद होत्या. परत एफ-दोन, आत शिरून 'व्हीटी-डी' नावाची कळ चालू केली. ओसरीवरच्या कार्डाला आतल्या खोल्यांत हात घालू न देणारी भिंत हीच उभी करते. लॅपटॉप भिंतींचं सामान घेऊन आला होता, गवंडी आपणच व्हायचं होतं.

मग परवलीचं वाक्य. सगळी डिस्क या वाक्यानं कुलूपबंद होते, आणि विसरलात तर जगात कुणीही उघडून देत नाही, असं बजावलेलं. पाच शब्दांचं एक वाक्य मनात जुळवलं, कुणालाही न सुचणारं. दोनदा टाइप केलं. रात्री लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर चौथ्या शब्दाला अडलो. आठवेना. घाम फुटला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून शांत आवाज आला, "वांगं." टाइप करताना शब्द पुटपुटायची सवय मला शाळेच्या कार्यालयापासूनची आहे. वाक्य आमच्या घरात दुपारपासूनच सार्वजनिक होतं.

शेवटचा अडथळा वायफायचा. ओसरीवरची खोली सुरूच होईना. कारण असं, की एखादं कार्ड या खोलीतून त्या खोलीत देताना त्यानं आधीचं सगळं विसरून कोरं व्हावं, अशी क्यूब्सची शिस्त आहे. माझ्या लॅपटॉपमधल्या कार्डाला ते विसरणं येत नव्हतं. भाच्यानं एक आज्ञा सांगितली, जिचा अर्थ एवढाच होता की याच्या बाबतीत फार काटेकोर राहू नकोस. वायफाय लागलं.

त्या रात्री मी हिशोब केला. दारावरचा गुरखा काढला. कार्डाला शिस्तीतून सूट दिली. परवलीचं वाक्य स्वयंपाकघरात पोचलं. आणि एवढं करून जे उरलं ते माझ्या जुन्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी पक्कं होतं. 'बऱ्यापैकी' या शब्दाचा अर्थ मला ब्रीद वाचून कळला नव्हता, तो असा एकेक कडी सैल करताना कळला. ती बाई नम्र आहे असं मी समजत होतो. ती फक्त खरं बोलत होती.

आता सवय झाली आहे. परक्या खोलीतल्या खिडकीला लाल चौकट असते, घरच्याला पिवळी, कामाच्याला निळी, तिजोरीला काळी. एका खोलीतला मजकूर दुसरीत न्यायचा तर एकदा कॉपी करून भागत नाही, दोनदा उचलायचा, दोनदा ठेवायचा. भजनाचा व्हिडिओ लावला की बुवा जरा अडखळत गातात, कारण चित्रांची चिप खोल्यांना वापरायला मिळत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. हे सगळं मी तक्रार न करता सोसतो, आणि त्याचं कारण एक छोटीशी सोय आहे.

कुणी पीडीएफ आणली की तिच्यावर उजवं बटण दाबून सांगायचं, ही विश्वासाची करून दे. मग ती फाइल पत्रावळीत उघडते. तिथे प्रत्येक पानाचे निव्वळ रंगाचे ठिपके होतात, ते ठिपके तेवढे अलीकडे येतात आणि अलीकडे त्यांची नवी कोरी पीडीएफ बांधली जाते. मूळ फाइलमध्ये काही दडलेलं असलं तर ते पत्रावळीबरोबर गेलं. पहिल्यांदा पानामागून पान असं पलीकडून अलीकडे येताना पाहिलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. हा आमचा मालधक्का होता. वाघीण पलीकडेच उभी, पोती तेवढी अलीकडे, आणि मध्ये वही घेऊन कुणीतरी. वडिलांचा उद्योग मूर्खपणाचा होता, हे माझं मत मी साठीनंतर मागे घेतलं. निदान अर्धं.

अर्धं अशासाठी, की धक्क्यावर घट यायची. पोतं टोचलं जायचं, शेंगा सांडायच्या, हमालांच्या पोरांचे खिसे फुगायचे, आणि कारकुनाच्या पोराचेही. वडील वहीत शांतपणे 'घट' लिहायचे. सांधा आहे तिथे माणूस बघतो, आणि सांधा आहे तिथे थोडं सांडतंही.

परवा अण्णा आले. मुलीचं लग्न. हातात पेन ड्राइव्ह, त्यात पत्रिकेची पीडीएफ, कुणा पुतण्यानं करून दिलेली. मी ती रीतसर धक्क्यावरून अलीकडे आणली. दहा मिनिटं लागली. अण्णा म्हणाले, "पूर्वी पटकन व्हायचं की."

"पूर्वी पटकन लॅपटॉपही गेला होता," मी म्हणालो.

पत्रिका नितळ आली. गणपती, मुहूर्त, सगळं जागच्या जागी. अण्णांनी पडद्यावर कार्यालयाच्या पत्त्यावर बोट टेकवलं. पुतण्यानं तिथे नकाशाची लिंक दिली होती, दाबली की रस्ता दिसायचा. आता काहीच होईना. ठिपके झाले की लिंकही ठिपकेच होते.

"हे काय झालं?"

"घट," मी म्हणालो.

अण्णा थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "छापा." पहिली प्रत हातात आली तशी त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि पत्त्याच्या खाली जपून एक ओळ लिहिली: होटगी स्टेशनवर उतरून विचारावे.