चौसष्ट बिटांचं आमंत्रण

डॉटनेटच्या अ‍ॅरे वर्गातली ‘गेटव्हॅल्यू’ मोठी उदार आहे. घटकाचा क्रमांक चौसष्ट बिटी पूर्णांकातही स्वीकारते. मात्र तो २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला, की आत तो बत्तीस बिटांत मावत नाही हे तिच्या लक्षात येतं आणि ती एक्सेप्शन फेकते. लग्नाला सहकुटुंब यायचं आग्रहाचं आमंत्रण आणि मांडवात एकच पाट, अशी ही रीत. जावा याबाबतीत उद्धट, पण प्रामाणिक: चौसष्ट बिटी क्रमांक दिलात, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. नकार दारातच मिळतो, रात्री दोन वाजता सर्व्हरवर नाही.

यावर म्हणतील, ही भविष्याची सोय आहे. मर्यादा वाढली की जुना कोड तसाच चालेल. ते भविष्य २०१२ साली आलंही. ४.५ आवृत्तीने, एक सेटिंग चालू केल्यास, दोन जीबींहून मोठे अ‍ॅरे मंजूर केले. पण एका मितीतल्या क्रमांकाची कमाल बत्तीस बिटांतच राहिली. बहुमितीय अ‍ॅरेतल्या घटकांची एकूण संख्या मात्र त्यापलीकडे जाऊ शकते, म्हणून ती संख्या चौसष्ट बिटांत सांगणाऱ्या ‘लाँगलेंग्थ’ला काम आहे, हे मान्य. पण लांबी मोजणं वेगळं, क्रमांक मागणं वेगळं. पॅरामीटरचा प्रकार हा लायब्ररीने दिलेला शब्द असतो, आणि इथे तो निम्म्याहून अधिक बिटांत मोडलेला आहे. शिवाय क्रमांक शून्याखाली सहसा नसतोच, तरी चिन्हासाठी एक बिट राखीव! त्याला कारण आहे म्हणा: चिन्हरहित पूर्णांक सगळ्याच भाषांना पेलत नाहीत.