ऐकू येतं हो मला!

माझ्या कानांबद्दल घरात जे बोललं जातं ते मी ऐकून घेत नाही. ऐकू येत नाही, असं नव्हे. दोष नटांचा आहे. पूर्वीचे नट शेवटच्या रांगेसाठी बोलत. आताचे स्वतःच्या शर्टात लपवलेल्या माइकशी बोलतात. शिवाय आम्ही पडलो उरणजवळचे द्रोणागिरीकर. नायिका ऐन कबुलीजबाब देत असते आणि खिडकीखालून बंदराकडे निघालेला ट्रेलर ब्रेकचा सुस्कारा सोडतो. शास्त्रसुद्धा माझ्याच बाजूने आहे. चित्रपटाचा आवाज थिएटरातल्या अनेक स्पीकरांसाठी बेतलेला असतो, आणि आपल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे असतात. म्हणजे नायिका बोलते ती भिंतीशी.

म्हणून लेकीने "बाबा, कॅप्शन लावू का?" असं विचारलं, तेव्हा मी उदारपणे म्हणालो, "आजीसाठी लाव."

टीव्हीच्या सेटिंगमध्ये कॅप्शन 'ऑन' केलं. पडदा कोरा. मग कळलं की एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीकडे तयार चित्र येतं. अक्षरं त्या चित्रावर आधीच उमटवायची ती सेट-टॉप बॉक्सने. आणि बॉक्स तरी काय उमटवणार? मुळात वाहिनीने ती पाठवायला हवीत. ॲपमधल्या मालिकांची तऱ्हा आणखी निराळी, तिथे कॅप्शनची निवड ॲपच्याच पोटात असते. रिमोट तीन, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: माझ्याकडे नाही, पलीकडे विचारा.

इथे मला आमच्या डोंगराविषयी बोललंच पाहिजे. मारुतीराया पर्वत घेऊन निघाले तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, तोच करंज्याचा द्रोणागिरी, असं उरणकडे सांगतात. लोक मारुतीच्या ताकदीचं कौतुक करतात. मला त्याचा वैताग जवळचा वाटतो. वाल्मीकींनी वनस्पतींची चार नावं स्पष्ट दिली आहेत: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानकरणी. पत्ता बरोबर, नावं पाठ, आणि कोणीतरी न्यायला आलंय असं दिसताच चौघीही अदृश्य! सेटिंगचा मेनू ज्याने पहिल्यांदा बनवला त्याने युद्धकांड नक्की वाचलेलं असणार. डोंगर उपटणं हा पराक्रम नव्हेच, तो 'सगळंच रीसेट करा' म्हणणाऱ्या माणसाचा संताप आहे. फरक इतकाच, की काम झाल्यावर मारुतीने डोंगर जागच्या जागी नेऊन ठेवला. आमच्याकडे आलेला मेकॅनिक टीव्हीची भाषा तमिळ करून गेला.

असो. शेवटी एका ॲपवरच्या हिंदी मालिकेत अक्षरं उमटली. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण. वाचायचा वेग जुना. पहिल्याच विनोदाला ती हसली, आणि आम्ही दचकलो. नटाचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. तेव्हा लक्षात आलं की एरवी ती नेहमी आमच्यानंतर हसायची. आम्ही हसलो की आमच्या तोंडांकडे पाहायची, आणि मग हसायची. आम्ही त्याला तिचा सोशिक स्वभाव म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मराठी चित्रपट लावायला सांगितला. खाली अक्षरं आली, इंग्रजी. मराठी नट, मराठी घर, मराठी वाचणारी म्हातारी, आणि तळाशी इंग्रजी! बहुतेक मराठी चित्रपटांचं हेच आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या एका वाहिनीने १९७२ साली ज्युलिया चाइल्डच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला कॅप्शन दिली. कोंबडी कशी भाजायची हे तिथल्या कर्णबधिरांना पन्नास वर्षांपूर्वी कळू लागलं. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून सांगत आले आहेत की गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत शब्द खाली द्या, लोक गाता गाता वाचायला शिकतील. दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये तसे शब्द आलेही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा, कर्णबधिरांसाठी टीव्ही कार्यक्रम सुगम करण्याची केंद्राची मानकं २०१९ची. कागदावर सगळं ऐकू येतं. फक्त आमच्या पडद्यावर सासू सुनेला नेमकं काय म्हणाली, ते आईला अजून माझ्या बायकोकडून कळतं, आणि त्यात थोडा पक्षपात होतो.

"मंत्रालयाला पत्र लिही," आई म्हणाली. सांगणार ती, लिहिणार मी. मसुदा झकास झाला. ऱ्हस्व-दीर्घ तिने जातीने तपासले. फक्त पहिल्याच ओळीत तिने घातलं, 'आमच्या घरात ऐकू कमी येणारी दोन माणसे आहेत.'

मी जोरदार हरकत घेतली. तिला ती ऐकू आली नाही.