टिपेश्वर

साकोलीकडच्या हायवेवर कुठल्याही ढाब्यात शिरा, एका टेबलावर हे भाऊ बसलेले असतातच. मूळचे तुमसरचे, तांदळाच्या बाजारपेठेतले. त्यामुळे जिरा राइस आला की आधी एक शीत बोटांत चिरडतात. "एचएमटी आहे का गा?" हे वाण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेलं, वेटरला ते ठाऊक असायलाच हवं. तो बिचारा म्हणतो, "हो जी." "नाही. दहा रुपये कटले तुझे!"

बसल्या बसल्या भाऊ पन्नासची नोट ग्लासाखाली ठेवतात, वेटरला दिसेल अशी. पापड उशिरा आला, दहा गेले. कांदा जाड चिरला, आणखी दहा. सावजी मटनाची तर्री पातळ झाली तर चूक आतल्या आचाऱ्याची, पण दंड बाहेरच्याला. जेवण आटोपेपर्यंत नोट खिशात परत. बडीशेपेच्या ताटलीत पडतं दहाचं नाणं, तेही किराणावाला घेत नाही म्हणून.

कायदा मात्र तोंडपाठ. बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये बजावलं; २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. हे सगळं भाऊ गल्ल्यावर सुनावतात. गल्ल्यावरच्या माणसाला सेवाशुल्क हा प्रकारच नवा असतो.

पण सोबत इवाई, म्हणजे व्याही, असले की पाहा! पोळ्या गार, पाणी तीनदा मागावं लागलं, तरी भाऊंची शंभराची नोट ताटलीत. "ठेव रे बेटा!" अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मायकल लिन टिपांवर वर्षानुवर्षं संशोधन करत आले; सेवेच्या दर्जाचा टिपेवर फारच थोडा परिणाम होतो, असं त्यांना आढळलं. आमच्या वेटरला विचारलं असतं तर चहा संपायच्या आत सांगितलं असतं. भाऊ एकटे आले की तो टेबल नव्या पोराच्या गळ्यात मारतो. संग पाहुणे दिसले की फडकं खांद्यावर टाकून स्वतः धावतो आणि इवायांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "साहेब, नेहमीचंच ना जी?"

आता भाऊ बिल मोबाइलवरून भरतात आणि हात झाडतात, "सुटे नाही गा आज." परवा वेटरनं नम्रपणे आपलाच मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर क्यूआर कोड. भाऊंनी लगेच नेटवर्क गेल्याचं जाहीर केलं आणि मूठभर बडीशेप तोंडात टाकली.