कुणीतरी कोर्टात जायला हवं

आमच्या सोसायटीतल्या दाजीकाकांना मत विचारावं लागत नाही. लिफ्ट बंद, कचऱ्याची गाडी उशिरा, चकलीची भाजणी महाग, मुंबईत सरकार डळमळीत. सगळ्यावर त्यांचा एकच उतारा : ‘कुणीतरी कोर्टात जायला हवं!’ हा कुणीतरी म्हणजे काका नव्हेत. काकांना संध्याकाळी फिरायला जायचं असतं.

दिवाळीत या मतांना बहर येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली, हे आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे ते काकांमुळेच. दहाच्या ठोक्याला ते गॅलरीत हजर. नातवाचा भुईनळा सव्वादहाला उडाला, तेव्हा मात्र ‘त्याला कुठे आवाज असतो?’ असा निकाल देऊन ते आत गेले. अपील नाही.

पण काका पाहावेत ते तुळशीबागेत. आकाशकंदिलाचे साडेसहाशे ऐकताच त्यांनी चष्मा वर केला. ‘एमआरपी कुठाय? वेष्टनावर छापायला लागते, सगळे कर धरून!’ दुकानदाराने कंदील गरकन फिरवून दाखवला. ‘वेष्टनच नाही काका. हाताने केलेला माल आहे. कंदील घ्यायचाय की केस करायचीय?’ मागे गर्दी तुंबली. काका ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा वेगळा आणि 2019 चा वेगळा हे समजावू लागले. तेवढ्यात काकू ‘पलीकडे बघू या’ म्हणत नुसत्या चार पावलं चालल्या. ‘ओ मावशी, साडेचारशे द्या!’ काकूंनी चारशे टेकवले नि कंदील पिशवीत. काकांचं कलम अजून चालूच होतं.

यंदा आमची सांस्कृतिक समिती फुटली. नऊपैकी चौघांनी वेगळी दिवाळी पहाट जाहीर केली. काका एरवी समितीच्या बैठकीत डुलक्या घेतात. त्या दिवशी ताठ बसले. ‘पक्षांतरबंदी! 1985, दहावं परिशिष्ट! तेव्हा एक तृतीयांश फुटले तरी चालायचं. 2003 मध्ये ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश हवेत, आणि तेही विलीन होत असतील तर. चौघेही अपात्र!’ सोसायटीला हे परिशिष्ट कधीपासून लागू झालं, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एवढंच विचारलं, ‘पण काका, अपात्र ठरवणार कोण?’

‘कोण म्हणजे? अध्यक्ष!’

अध्यक्ष त्या चौघांतलेच. ते तेव्हा खाली मांडववाल्याला विसार देत होते.