जन्माचा फवारा

दुकानात शिरल्यावर नाना किंमत विचारत नाहीत. वस्तू हातात घेतात, तळव्यावर जोखतात, कडेला नख लावून बघतात आणि मग चष्म्यावरून विचारतात, "किती वर्षं जाईल?" दुकानदार नवखा असला तर उत्साहाने सांगतो, "काका, एक वर्षाची गॅरंटी आहे." नाना वस्तू काउंटरवर ठेवून देतात. "गॅरंटी नाही विचारली. जाईल किती, ते विचारलं." जुना दुकानदार मात्र नाना पायरी चढताना दिसले की नोकराला पुढे करतो आणि स्वतः मोबाइल कानाला लावतो.

असे नाना तुमच्याही गल्लीत असतील. एचएमटीच्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली देणारे, छत्रीची काडी बदलून घेणारे, "एकदाच घ्यावं, पण जन्माचं घ्यावं" हे ब्रीद जगणारे. जन्म कोणाचा, वस्तूचा की आपला, हे त्यांनी कधी स्पष्ट केलेलं नाही. आमच्या नानांचं वय पंचाहत्तरीकडे झुकलंय आणि त्यांना तीस वर्षं टिकणारी वस्तू लागते. काकू एकदा म्हणाल्याही, "अहो, पुढचं बागकाम कोण करणार आहे?" नाना म्हणाले, "म्हणूनच. मागे राहणाऱ्यांना पुन्हा घ्यायला लागू नये."

नोकरीभर ते पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. म्हणजे माल नापास करण्याचा त्यांना पगार मिळे. निवृत्तीनंतर पगार थांबला, नापास करणं थांबलं नाही.

सहकारनगरच्या त्यांच्या बैठ्या बंगल्यापुढे साठेक चौरस मीटरची हिरवळ आहे. कुंपणाला जास्वंद आणि मोगरा, कोपऱ्यात सोनचाफा, मागे मोरीच्या पाण्यावर पोसलेला कढीपत्ता. हिरवळीवर काकूंनी रस्त्यावरून आणलेला हिरवा प्लास्टिकचा तीन हातांचा फवारा दोन उन्हाळे गरागरा फिरला. तिसऱ्या एप्रिलमध्ये त्याचे दोन हात गळून पडले. एखाद्याला वाईट वाटलं असतं. नानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तुटलेला हात त्यांनी दोन बोटांत धरून मोडून दाखवला, बिस्किटासारखा. "बघ, ऊन खाल्लंय याने. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. प्लास्टिकचंच घ्यायचं तर काळं घ्यावं, काजळी मिसळलेलं. शेतातल्या ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? हौस म्हणून?" मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. नानांची अडचण हीच असते, त्यांचे सुटे मुद्दे सगळे बरोबर असतात.

मग शोध सुरू झाला. प्लास्टिक बाद, पत्रा गंजतो म्हणून बाद, उरलं पितळ. पितळेसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. नाना खिशात लोहचुंबक घेऊन गेले. पहिल्याच दुकानातला सोनेरी फवारा चुंबकाला चिकटला नाही, आणि नोकर खूश झाला. पण नानांना माहीत होतं की चुंबक लोखंडासारखे मोजकेच धातू पकडतं. पितळेला ते चिकटत नाही, तसंच जस्ताच्या ओतकामालाही नाही, आणि त्यावर सोनेरी मुलामा चढवला की बाहेरून दोन्ही सारखीच. तेव्हा दुसऱ्या खिशातून कानस निघाली. तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक घासा. आत पांढरं निघालं.

"अहो काका, माल घ्यायच्या आधी घासता?"

"घेतल्यावर घासून काय उपयोग, शेठ?"

चार दुकानांनंतर पिवळं निघणारा फवारा सापडला. तरी खात्री म्हणून नाना तो नमुना घेऊन कसब्यात तांबट आळीत गेले. तिथल्या एका वयस्कर कारागिराने तो उलटसुलट करून बघितला, वाजवून बघितला आणि म्हणाला, "पितळ आहे. पण एवढं जड घेऊन पाणीच द्यायचंय ना?" नानांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटला. या सगळ्या प्रकरणात मोलाचा प्रश्न तेवढाच होता.

तो फवारा म्हणजे शेतावर हरभऱ्याला लावतात तसा, टक-टक-टक करत वर्तुळात फिरणारा. नाना त्याच्या प्रेमातच पडले. पाण्याची धार एका स्प्रिंगच्या दांडीवर आदळते, दांडी बाजूला फेकली जाते, स्प्रिंग तिला परत खेचते, परतताना ती फवाऱ्याच्या अंगावर आपटते आणि त्या धक्क्याने तो थोडासा सरकतो. मोटर नाही, दाते नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावी लिंबूवर्गीय फळांची बाग करणाऱ्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या गृहस्थाने १९३०च्या दशकात ही युक्ती काढली, १९३५ साली तिला पेटंट मिळालं, आणि आजही मूळ रचना तीच आहे. नानांनी हे सगळं वाचून काढलं आणि आम्हाला ऐकवलं. "नव्वद वर्षांत ज्याचं डिझाइन बदलावं लागलं नाही, ती वस्तू!" एंगलहार्ट पिंपरीत असता तर नानांनी त्याचा माल एका नजरेत पास केला असता.

एवढ्यात न्यू जर्सीतल्या मुलाला फोनवर सुगावा लागला. त्याने येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर तिकडचा अस्सल फवारा पाठवला. पाऊण इंची, झळझळीत. बागेतल्या नळाला तो दोन आटे बसला आणि अडला. आपल्या पाऊण इंची जोडाला इंचात चौदा आटे असतात, अमेरिकेतल्या बागेच्या पाइपाच्या जोडाला साडेअकरा. प्लंबर म्हणाला, "नाना, टेफलॉन जरा जास्त मारतो, बसेल." नानांनी त्याच्याकडे पाहिलं. "टेफलॉन गळती थांबवतं. आटे बदलत नाही." मुलाचा फवारा शोकेसमध्ये गेला, नातवाच्या ट्रॉफीशेजारी. या सगळ्या काळात काकू पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून बागेला पाणी घालत होत्या आणि बाग उत्तम चालली होती, हेही नोंदवायला हवं.

अखेर बोहरी आळीतला पितळी फवारा आला. स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग, उघडून धुता येणारं नोझल, खाली लोखंडी खुंटी, तिला नानांनी स्वतः दोन हात रंग दिलेला. उद्घाटनाला आम्ही शेजारी होतो. नानांनी नळ सोडला. नोझलमधून पाणी आलं, वीतभर वर चढलं आणि पितळी अंगावरून ओघळत गवतात उतरलं. दांडी एकदा थरथरली. टक झालं नाही.

पाणी दहा मीटर उंचीवरून आलं की नळाला साधारण एक किलोचा दाब मिळतो. किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो, प्लंबर नुसतं किलो म्हणतात. नानांची टाकी बैठ्या घराच्या गच्चीवर, म्हणजे हिरवळीपासून फार तर पाच मीटर. दाब अर्धा किलो, त्यातला काही वळणावळणांच्या एल्बोंनी खाल्लेला. आणि टक-टक फवाऱ्याला नीट फिरायला दोन किलो तरी हवेत. शेतकऱ्याकडे तो विहिरीवरच्या पंपावर चालतो. नानांनी धातू तपासला, आटे तपासले, एंगलहार्टची कुंडली काढली. स्वतःची टाकी किती उंचीवर आहे हे मात्र तपासलं नाही, कारण टाकी त्यांनी १९९० सालीच पास केली होती.

तुमचा-आमचा माणूस इथे फवारा परत करून आला असता. नाना प्रेशर पंप बघायला निघाले. "किती वर्षं जाईल?" पुन्हा पहिल्यापासून.

पंप बसला आणि फवारा असा फिरला की टाळ्या पडल्या. धार नऊ-दहा मीटर गेली. हिरवळीची रुंदी सहा मीटर. उरलेलं पाणी कुंपणावरून आमच्या अंगणात आलं, तिथे चादरीवर कुरडया वाळत होत्या. त्यानंतर दोन्ही घरांत जे बोलणं झालं ते इथे देत नाही. सुदैवाने त्या फवाऱ्याला अर्धंच वर्तुळ फिरण्याची कळ होती. नानांनी ती लावली, नोझलसमोरचा स्क्रू पिळून धार फोडली, आणि कुरडया नव्याने घालायला काकू स्वतः गव्हाचा चीक घेऊन आल्या.

मग मोजणी. पाणी सगळीकडे सारखं पडतंय का हे बघायला नानांनी काकूंच्या आमटीच्या वाट्या हिरवळीवर ओळीने मांडल्या आणि नंतर प्रत्येकीत पट्टी बुडवली. ही चाचणी खरंच चांगली आहे, कोणीही करावी. फवाऱ्याजवळची वाटी भरलेली आणि कडेची कोरडी असेल तर दाब किंवा जागा चुकली आहे. पण वाटीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला दहा लिटर, साठ मीटरच्या हिरवळीला सहाशे. टाकी हजाराची. ज्या सकाळी नानांनी वाट्या समाधानाने मोजल्या, त्या सकाळी सूनबाई डोक्याला शांपू लावून बाथरूममध्ये उभी होती.

टिकाऊपणाबद्दल माझं मत विचाराल तर नाना अर्धे बरोबर आहेत. पितळ टिकतं, स्टीलची स्प्रिंग टिकते. पण आपल्या बोअरच्या जड पाण्यात फवारा मोडण्याआधी तुंबतो. क्षारांचा पांढरा थर नोझलचं भोक लहान करत जातो आणि जन्माची वस्तू एका उन्हाळ्यात मुकी होते. जो हाताने उघडतो, व्हिनेगरमध्ये बुडवून साफ होतो, ज्याच्या मागे गाळणी बसवता येते, तो स्वस्त काळ्या प्लास्टिकचा असला तरी वर्षानुवर्षं चालतो. आणि दाबच नसेल तर कुठलाही फवारा घेऊ नये. पाइपाला झारीचं तोंड लावावं, झाडांना नीट आळी करावीत. काकूंचा अंगठाही काही वाईट नव्हता.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टाकीची उंची आणि हिरवळीची रुंदी मोजा, वर्षं नंतर विचारा. चालता फवारा बघायचा असेल तर सहकारनगरला सकाळी साडेसहाला या. दुपारी नाना पाणी देत नाहीत, दुपारचं पाणी मातीआधी हवा पिते म्हणतात. येताना छत्री आणा, आणि ती किती वर्षांची आहे हे आठवून ठेवा, नाना विचारतील.