एका हाताच्या आत

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलात, की फ्यूजकाका दिसतातच. आरती रंगात आलेली असते आणि हे मखराच्या माळेचा प्लग स्क्रू-ड्रायव्हरने उघडून बसलेले! ‘‘तीनचा पुरला असता, तेराचा घातलाय!’’ चौकोनी पायांच्या विलायती प्लगचं मानक 1947चं. त्याच्या पोटातच फ्यूज असतो. त्याच साली इंग्रज भारतातून गेले, पण काकांच्या लेखी तो उपकार दुसऱ्या क्रमांकाचा.

तरी प्लग ही नुसती तालीम. कुणाच्या पोराने गाडीच्या डिकीत अँप्लिफायर बसवला, की काका बाही सारून हजर. कोपर बॅटरीशी, बोट केबलवर. कोपरापासून बोटापर्यंत एक हात, म्हणजे 18 इंच. मुख्य फ्यूज त्याच्या आत हवा.

‘‘पण काका, अँपला आहेत की दोन तिसाचे.’’

‘‘ते अँपचे. केबलचा कुठाय?’’

मग प्रवचन. बॉनेटपासून डिकीपर्यंत गेलेली केबल पत्र्याच्या भोकात घासली, सालपट निघालं, तांबं बॉडीला टेकलं, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. ते सगळं केबलमधून जातं, अँपपर्यंत पोचतच नाही. तिथला फ्यूज शाबूत राहतो आणि गालिचा पेटतो. चोर ओसरीतून आत, कुलूप परसदाराला! म्हणून फ्यूज बॅटरीजवळ, भोकात रबराची कडी, आणि आकडा केबलला झेपेल तेवढाच. अँपला जास्त हवं असेल तर केबल जाड घ्या, फ्यूज नव्हे. स्वस्त केबलीत तांब्याच्या मुलाम्याखाली अ‍ॅल्युमिनियम निघालं, तर आकडा आणखी खाली.

लेकीच्या साखरपुड्याला जावयाने हौसेने गाडी दाखवली. काकांनी कोट काढला. ‘‘बाबा, आज हात नको,’’ लेक कळवळली. तोवर कोपर टेकलं होतं. अडीच हात भरले! व्याही ताटकळले, जेवण निवलं; अंगठ्या बदलल्या त्या फ्यूज हलवल्यानंतरच. काळ्या बोटांनी.

मला हा माणूस सहन होत नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका पोराची अख्खी केबल त्याने जानेवारीच्या थंडीत, गाडीखाली पाठ टेकून, फुकट बदलून दिली, हे लपवून चालणार नाही. आता तो पोरगा रात्री अकराला घरं हादरवत परततो. तक्रारीच्या कागदावर साऱ्या गल्लीच्या सह्या झाल्या, काकूंचीसुद्धा. काकांकडे कागद नेला, तर ते खिडकीशी उभे.

‘‘ठोका पडतोय, पण हेडलाइट बघ. जरासुद्धा मंदावत नाहीत!’’