शून्य पूर्णांक शून्य दोन

निगडी-आकुर्डीच्या कुठल्याही बागेत सकाळी सहाला जा. मामा आधीच येऊन बसलेले असतात. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी पहाटे पावणेपाचला डोळा उघडतोच. कंपनीची बस चुकेल ही धास्ती पस्तीस वर्षं अंगात मुरलेली. आता बस नाही, म्हणून बाग.

त्यांचं आडनाव काहीही असो, मशीन शॉपमध्ये ते मामाच. गाव सातारा, सांगली नाहीतर सोलापूरकडचं. आयटीआय टर्नर. ट्रेनी म्हणून लागले आणि लेथसमोर उभ्यानं नोकरी काढली. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण मामा रिक्षावाल्याला अजून ‘टेल्को गेट’च सांगतात. पोरसवदा रिक्षावाला गोंधळला, तर चूक रिक्षावाल्याची.

मामांचं खरं जग मिलिमीटरच्या खाली सुरू होतं. व्हर्निअर ०.०२ पर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, घरी आलेला सुतार मात्र सुतावर काम करतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून जास्त! एवढ्या फटीतून अख्खी कंपनी आत-बाहेर करेल, असं मामा त्याला ऐकवतात. सुतार दुसऱ्या दिवशी येत नाही. सुनेच्या चपातीत ‘ओव्हॅलिटी’ आहे, असंही ते एकदा बोलून गेले. सून शांतपणे म्हणाली, “मग रीवर्क करा, मामंजी.” त्यानंतर चपात्या इन्स्पेक्शनविना पास होतात.

बोलणं वरच्या पट्टीत. दहा लेथ एकदम फिरत असताना हेल्परला हाक मारायची, तर दुसरी पट्टी कुठली? त्यामुळे त्यांच्या घरातलं गुपित सोसायटीत कुणालाच गुपित नसतं.

ग्रॅच्युइटीचा हिशेब तर त्यांनी रिटायरमेंटच्या तीन वर्षं आधीच मशीनच्या गार्डवर खडूनं मांडून ठेवला होता. १९७२ चा कायदा त्यांना तोंडपाठ: शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सर्व्हिसची वर्षं. बेसिक-डीए २६ हजार धरला, तर वर्षाला १५ हजार. पस्तीस वर्षांचे सव्वापाच लाख. टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरनं सांगितलेला आकडा त्यांनी खडूशी ताडून पाहिला आणि मगच सही केली.

सेंड-ऑफला शाल, श्रीफळ आणि पितळी मोमेंटो मिळाला. एचआरमधल्या तरुण साहेबानं त्यांना ‘कंपनीचा आधारस्तंभ’ म्हटलं, नाव मात्र कागदात बघून. मामांचं लक्षच नव्हतं. ते मोमेंटो तिरका धरून त्यावरचे चॅटर मार्क बघत होते. टूल सैल बांधलं होतं कुणीतरी.

पेन्शनचा विषय निघाला की मात्र मामा गप्प होतात, आणि बाग बोलू लागते. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये. ती ७,५०० करा म्हणून मोर्चे निघतात, मामाही जाऊन येतात. त्यातही दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. कूलंट आणि बरीनं अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन अंगठा घेत नाही. समोरची मुलगी म्हणते, “आजोबा, नीट दाबा.” मामा अंगठा पुसतात, पुन्हा दाबतात, आणि मग मशीनकडेच संशयानं बघतात: “कॅलिब्रेशन कधी केलं होतं याचं?” आता चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. चेहऱ्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

तर तुमच्या घरचा पंखा खडखडत असेल, मिक्सरचं कपलिंग झिजलं असेल, तर मामांना खुशाल बोलवा. पैसे घेणार नाहीत. चहा मात्र दोनदा द्यावा लागेल, बरोबर दहाला आणि बरोबर तीनला, आणि काम चालू असताना ‘चालतंय की एवढं’ असं चुकूनही म्हणू नका.